दाखला घेऊन मूल कुठे गेले?

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की प्राथमिक शाळांमधून पालकांना वर्षअखेरच्या सूचना जातात. पूर्वी त्या फळ्यावर लिहिल्या जात आणि मुले वहीत उतरवून घेत. आता वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. मजकूर सगळीकडे जवळपास सारखाच असतो. निकाल १ मे रोजी झेंडावंदनानंतर मिळेल, पालकांनी स्वतः उपस्थित राहावे. वाचनालयाची पुस्तके जमा करावीत. आधार कार्डावरचे नाव आणि शाळेतले नाव एकसारखे नसल्यास दुरुस्ती करून घ्यावी. चौथीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जावा. नव्या वर्षाची शाळा जूनच्या मध्यावर भरेल. सुट्टीच्या शुभेच्छा.

यातला दाखल्याचा मुद्दा हा या संपादकीयाचा विषय आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात शिक्षणावर बोलणे वाढले आहे आणि ते चांगलेच आहे. आरक्षण, स्पर्धा परीक्षा, परदेशी शिष्यवृत्त्या, वैद्यकीय प्रवेश यांवर मेळावे होतात. ९ जानेवारीला फातिमा शेख यांची जयंती म्हणून जागोजागी कार्यक्रम होतात, प्रतिमेला हार घातले जातात, मुलींची भाषणे होतात. पण ज्या मोहल्ल्यात हा कार्यक्रम झाला, तिथल्या शाळेतून गेल्या मे महिन्यात चौथी पास झालेल्या मुलींपैकी किती जणी आज पाचवीत बसतात, हे त्या मंडपात कुणालाच सांगता येत नाही. मुख्याध्यापकांनाही नाही.

हे असे का होते, ते आधी समजून घ्यायला हवे. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवीचे शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. कायद्याच्या हिशेबाने पहिली ते पाचवी हा एक टप्पा आणि सहावी ते आठवी हा दुसरा. महाराष्ट्रात मात्र शाळांची जुनी रचना चौथीपर्यंत आणि सातवीपर्यंत अशी होती आणि ती अजूनही अनेक ठिकाणी तशीच आहे. जिल्हा परिषदेची लहान शाळा चौथीला संपते. नगरपालिकेची शाळा सातवीला संपते, काही ठिकाणी आठवी जोडली आहे. म्हणजे कायदा ज्याला एकसलग शिक्षण म्हणतो, त्याच्या मध्येच मुलाला एक शाळा सोडून दुसरी धरावी लागते.

शाळा सोडल्याचा दाखला दिला की जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्या मुलाच्या नावापुढे तारीख आणि कारण लिहिले जाते. ‘इयत्ता चौथी उत्तीर्ण.’ तिथे ते मूल संपले. नव्या शाळेला ते मूल अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसते, कारण ते अजून तिच्या दारात आलेले नाही. १ मे ते जूनचा मध्य या सहा आठवड्यांत हे मूल कोणत्याच शाळेचे नसते. पटावरून नाव कमी झाले तेव्हा ते गळले म्हणून नोंदले गेले नाही, ते पास होऊन गेले अशी नोंद आहे. म्हणून ते नंतर कुठेच पोहोचले नाही तरी कागदावर कुणाचेही काही चुकलेले दिसत नाही. आता सरकारी पोर्टलवर प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक असतो, त्यामुळे शोधता येते हे खरे. पण शोधणारा कुणीतरी लागतो.

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यातले दोन आकडे आपल्या सभांमध्ये फारसे एकत्र उच्चारले जात नाहीत. पहिला असा की २००१च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि संपूर्ण राज्याची ७६.९. म्हणजे आपण राज्याच्या सरासरीच्या पुढे होतो. दुसरा देशभरातला: सहा ते चौदा वयाची सुमारे चौथा हिस्सा मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. पहिला आकडा राज्याचा आणि दुसरा देशाचा, त्यामुळे त्यांची सरळ वजाबाकी करता येणार नाही. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही मुस्लिम वस्तीत राहणाऱ्याला त्यातून काय दिसते ते ओळखीचे वाटेल. आपण मुलाला पहिलीत घालतो. लिहायला वाचायला शिकवतो. नंतर ते मधेच कुठेतरी उतरते. मदरशांमुळे मुस्लिम मुले शाळेत येत नाहीत, हा आवडता समजही त्याच अहवालाने खोडून काढला होता. मदरशात शिकणारी मुले शाळेच्या वयातील मुलांच्या जेमतेम तीन-चार टक्के होती. उरलेल्यांची जबाबदारी मौलवींवर ढकलून कुणालाच मोकळे होता येणार नाही.

मुलगा कसा उतरतो ते बघा. मे महिन्यात त्याला मामूच्या गॅरेजवर, चाचांच्या फर्निचरच्या कारखान्यात, बॅगा शिवण्याच्या किंवा जरीच्या कामावर पाठवले जाते. ‘छुट्टी है, घर में बैठ के क्या करेगा.’ कुणाचाही हेतू वाईट नसतो. मुलाला दिवसाला चहापाण्याचे पैसे मिळतात, हाताला काम लागते, उन्हात भटकणे टळते. २०१६च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीच्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामावर ठेवण्यास बंदी केली. पण कुटुंबाच्या व्यवसायात, धोका नसेल तर, शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मदत करण्याची सूट ठेवली. त्या वेळी या सवलतीवर टीका झाली होती आणि आमच्या मते ती योग्यच होती, कारण सुट्टी कधी संपते हे मालकाला कुणी सांगायला जात नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गॅरेजवर काम भरपूर असते. पावसाळ्यापूर्वी सगळ्यांनाच गाडी दुरुस्त करून हवी असते. ‘एक आठवडा राहू दे’ म्हणता म्हणता जुलै उजाडतो. नव्या शाळेत त्याचे नावच नसेल तर त्याला बोलवायला येणार कोण?

मुलीचे वेगळे. चौथीपर्यंतची शाळा गल्लीच्या टोकाला होती, पाचवीची शाळा मोठा रस्ता ओलांडून आहे. कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. नकाशावर तीन किलोमीटर काहीच नाहीत. दहा वर्षांच्या मुलीच्या आईला ते पुष्कळ वाटतात, आणि तिला वाटते ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सोबतीला कोण, येताना अंधार होतो का, शाळेत संडास आहे का आणि त्याला कडी आहे का, हे तिचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे न देता ‘मुलींना शिकवा’ असे सांगणाऱ्याचे ती ऐकून घेते आणि दार लावून घेते. ग्रामीण भागातील पाचवीपासूनच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा पास मोफत मिळतो, हे तिला कुणी सांगितलेले नसते. गल्लीतल्या आणखी तीन मुली त्याच शाळेत चालल्या आहेत हे कळले, तर बहुतेक वेळा तेवढ्यावरही काम होते.

तिसरा गट स्थलांतरितांचा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर काम करणारी उत्तर प्रदेश-बिहारकडची कुटुंबे मे महिन्यात गावी जातात आणि लग्ने उरकून, ईद करून सावकाश परततात. तोवर शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो. कायद्याच्या कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे नगरपालिका, महापालिका किंवा जिल्हा परिषदेचे, कर्तव्य आहे आणि वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. आपल्या राज्यात स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. गावी जाण्याआधी ते शाळेकडून मागून घ्यायचे असते. मागावे लागते, हीच त्यातली मेख आहे.

आता पाचवी आणि आठवीबद्दल, कारण इथे अफवाच जास्त पसरल्या आहेत. कायद्यात मुळात आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचे नाही असे होते. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून ती घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे १ मेच्या निकालात ‘नापास’ हा शब्द प्राथमिक शाळेत परत आला आहे. तो ऐकून घाबरलेले पालक मुलाला घरी बसवतात. त्यांना दोन गोष्टी कुणीतरी शांतपणे सांगायला हव्यात. पहिली, नापास झालेल्या मुलाला जादा शिकवून निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यायची आहे. त्यातही तो उत्तीर्ण झाला नाही तर त्याच वर्गात बसेल, पण शाळेतच. दुसरी, आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ‘याला दुसरीकडे घाला’ असे तोंडी सांगून दाखला हातात ठेवणारी शाळा कायदा मोडते. मे महिन्यात फेरपरीक्षेची तयारी करून घ्यायला रोज तासभर बसणारा एक कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी त्या वेळी फार मोलाची असते. गणित आणि मराठी, बस्स.

दाखल्याच्या कागदाकडेही नीट पाहिले पाहिजे. पुढच्या पन्नास वर्षांत हा कागद जितक्या वेळा बाहेर काढला जाईल, तितका दुसरा कोणताही नाही. त्यावर मुलाचे नाव, आईचे नाव, धर्म आणि जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा असे रकाने असतात. आपल्या घरांत या प्रत्येक रकान्याची स्वतंत्र कहाणी असते. आयेशा, आयशा आणि आएशा ही एकाच मुलीची तीन सरकारी रूपे. मोहम्मद, मोहंमद, मो. आणि एमडी हे एकाच मुलाचे चार अवतार. आडनाव आधी की नंतर हा प्रश्न तर सय्यद, शेख, पठाणांच्या पाचवीलाच पुजलेला. आणि जुन्या पिढीची जन्मतारीख १ जून! जूनमध्ये शाळा सुरू होते, मास्तरांनी मुलाचे दात आणि उंची पाहून साल ठरवले आणि तारीख सगळ्यांना सारखीच दिली. ही प्रथा सर्वच समाजांत होती, पण हसण्याचे दिवस आता गेले. उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांवरून २०२५मध्ये मालेगाव आणि इतरत्र जो गदारोळ झाला, तो आपण पाहिला आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे, आणि ती मुले लवकरच पहिलीच्या दारात उभी राहतील. मूल शाळेत शिकत असताना रजिस्टरमधील चूक दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते. दाखला हातात घेऊन बाहेर पडल्यावर तीच दुरुस्ती अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि खेटे यांच्या वाटेने जाते. म्हणून दाखल्याचा मसुदा आधी वाचा, मग सही करा. घरात कुणाला वाचता येत नसेल तर शेजारच्या मुलीला सोबत न्या.

जातीच्या रकान्यावर थोडे थांबावे लागेल, कारण आपल्यातल्या काही तरुणांना तो रकानाच अपमानास्पद वाटतो. धर्मापुढे ‘मुस्लिम’ आणि जातीपुढेही ‘मुस्लिम’ असे लिहून पालक मोकळे होतात. इस्लाममध्ये जात नाही, हे तत्त्व म्हणून मान्य. पण तांबोळी, बागवान, अत्तार, मणियार, पिंजारी, मोमीन-अन्सारी ही नावे महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत आणि ती तिथे यावीत म्हणून शब्बीर अन्सारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून आयुष्य खर्च केले आहे. दिलीपकुमार या कामासाठी व्यासपीठावर आले होते. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो आणि तिथे आजोबांच्या शाळेच्या नोंदीत फक्त ‘मुसलमान’ असते. तिथून पडताळणी समितीचे दरवाजे झिजवणे सुरू होते. आज चौथीत असलेल्या मुलीच्या नातवंडांनी तेच दरवाजे झिजवू नयेत असे वाटत असेल, तर खरी नोंद आजच, कागदपत्रांसह करून घ्यायला हवी. खोटी नोंद करू नये हे वेगळे सांगायला नको. ती पडताळणीत उघडी पडते आणि मुलाचेच नुकसान करते.

मातृभाषेच्या रकान्यात बहुधा न विचारताच ‘उर्दू’ लिहिले जाते. घरात दखनी चालते, रत्नागिरीकडे कोकणी, पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत सरळ मराठी. कारकुनाला त्याचे काही नसते.

हे आले म्हणजे माध्यमाचा वाद आलाच. पाचवीत उर्दू की मराठी की गल्लीतली इंग्रजी? आमचे मत आम्ही लपवत नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलाला मराठी चांगली आलीच पाहिजे, बोलण्यापुरती नव्हे तर अर्ज लिहिण्याइतकी, वर्तमानपत्र वाचण्याइतकी, वाद घालण्याइतकी. पण ज्या मुलीसाठी चालत जाण्याच्या अंतरावर फक्त उर्दू शाळा आहे, तिला मराठी माध्यमाचे महत्त्व पटवत बसलो तर ती घरी बसेल. ती उर्दूत आठवी-दहावी झाली तर आम्हाला आनंदच आहे. २०२० पासून राज्यातल्या सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा आहे आणि उर्दू शाळांत बालभारतीचे मराठीचे पुस्तकही असते. तो तास खरोखर होतो का, मराठीचा शिक्षक नेमलेला आहे का, हा खरा प्रश्न आहे. इंग्रजीच्या नावाने निघालेल्या मोहल्ल्यातल्या लहान शाळांबद्दल मात्र स्पष्टच बोलायला हवे. त्यातल्या काहींना मान्यताच नसते. वर्ष संपताना किंवा सुरू होताना शिक्षण विभाग आणि मुंबईसारख्या ठिकाणी महापालिका अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतात. फी भरण्यापूर्वी ती यादी पाहणे दहा मिनिटांचे काम आहे. अशा शाळेचा दाखला पुढे कुठेच चालत नाही, आणि तोवर तीन-चार वर्षांची फी गेलेली असते.

फी थकली म्हणून दाखला अडवणे, दाखला नाही म्हणून पुढची शाळा प्रवेश न देणे, हा खेळ दर जूनला चालतो. कायद्याचे कलम ५ याबाबत स्वच्छ आहे. ज्या शाळेत आठवीपर्यंतची सोय नाही, तिथल्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा आहे. आणि दाखला यायला उशीर झाला, या कारणाने नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, ते कलम १४ मध्ये आहे. मुख्याध्यापकांसमोर आवाज चढवण्याची गरज नसते. कलमाचा क्रमांक अर्जात लिहिलेला असला आणि अर्जाच्या प्रतीवर पोच मागितली, की बोलण्याचा सूर आपोआप बदलतो.

एक गैरसमज पैशाचाही आहे. केंद्राची अल्पसंख्याक मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पूर्वी पहिलीपासून मिळत असे. २०२२-२३ पासून ती फक्त नववी आणि दहावीसाठी उरली. आठवीपर्यंतचे शिक्षण तसेही मोफत आहे, असे कारण देण्यात आले. वर्षाला मिळणारे ते हजार रुपये किरकोळ होते असे म्हणणाऱ्याने कधी चौथीच्या मुलीसाठी दप्तर, बूट आणि छत्री एकदम विकत घेतलेली नसावी. तरीही सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात आणि शालेय पोषण आहारही मिळतो, हे दर जूनला नव्याने सांगावे लागते.

आता मागणीचे. शाळांच्या वर्षअखेरच्या पत्रकात स्नेहसंमेलनाचे फोटो असतात, स्पर्धांतले क्रमांक असतात, शिष्यवृत्ती मिळालेल्यांची नावे असतात. त्यात एक ओळ वाढवावी: गेल्या वर्षी या शाळेतून शेवटची इयत्ता पास होऊन गेलेली मुले इतकी, त्यांपैकी पुढच्या शाळेत दाखल असलेली इतकी. नावे नकोत, आकडे पुरेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या नोंदी ठेवणे, त्यांचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे यावर लक्ष ठेवणे, हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कामच आहे. आणि हा आकडा मागण्याची जागाही कायद्यानेच करून दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्याकडच्या समित्यांत या महिलांच्या सह्या बऱ्याचदा घरपोच घेतल्या जातात. बैठक कधी झाली, विषय काय होता, हे सही करणारीला माहीत नसते. तुमच्या आई, खाला, भाभी यांपैकी कुणी अशा समितीवर आहे का, विचारून पाहा. असल्यास पुढच्या बैठकीला त्यांच्यासोबत जा, दाराबाहेर बसा आणि त्यांनी विचारायचा प्रश्न एकच ठेवा: गेल्या वर्षीची मुले कुठे आहेत?

आपल्याच संस्थांच्या शाळांबाबत मात्र हा कायदा उपयोगी पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर ठेवल्या. अल्पसंख्याकांचा संस्था चालवण्याचा घटनादत्त अधिकार आम्हाला मोलाचा वाटतो. पण संस्थेच्या विश्वस्तांना समाजाने प्रश्न विचारू नयेत, असा त्याचा अर्थ घेतला जाऊ लागला तर तो अधिकार मुलांच्या काही कामाचा नाही. संस्थेचे वार्षिक जलसे मोठे होतात, देणग्यांची घोषणा होते, पाहुण्यांचे सत्कार होतात. त्याच मंचावरून गळतीचा आकडा वाचून दाखवण्याची हिंमत दाखवणारा अध्यक्ष निघाला, तर सर्वात पहिला सत्कार त्याचा व्हावा. सरकारी अधिकाऱ्याकडून हिशेब मागताना आपला आवाज मोठा असतो, तो आपल्या माणसांसमोर खाली येतो. हे बदलणे तरुणांनाच शक्य आहे, कारण ज्येष्ठांचे एकमेकांशी नातेसंबंध असतात.

या मे महिन्यात काय करता येईल, ते फार अवघड नाही. आपल्या गल्लीतील चौथी, पाचवी, सातवी आणि आठवी झालेल्या मुलामुलींची नावे एका वहीत लिहा. गल्ली, फार तर दोन गल्ल्या. संपूर्ण शहराचे सर्वेक्षण करायला निघालात तर फॉर्म छापण्यातच जून येईल. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी हव्यात: दाखला घेतला का, पुढची शाळा कोणती, तिथे नाव लागले का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पालकांच्या तोंडून घेऊ नका, पावती किंवा शाळेचा शिक्का पाहा. ‘डालनेवाले हैं’ हे उत्तर जूनच्या शेवटपर्यंत ऐकू येते. मुलींच्या बाबतीत घरी बोलायला मुलींनीच जावे आणि एकाच शाळेत जाणाऱ्या मुलींच्या आयांची एकमेकींशी गाठ घालून द्यावी. गॅरेजवाल्या मामूला भेटायला मात्र दोघे-तिघे जा. त्याच्याशी भांडू नका. शाळा कोणत्या तारखेला सुरू होते तेवढे त्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर त्याच्यासमोर गोल करून या. नाव लागलेच नाही असे मूल सापडले तर केंद्रप्रमुखांकडे लेखी कळवा. आपल्या राज्यात शाळाबाह्य मुलांसाठी काम करणारे बालरक्षक शिक्षक आहेत, त्यांच्यापर्यंत ते नाव पोहोचवण्याचा आग्रह धरा.

वहीतल्या नोंदी कुठे टाकू नका. समाजमाध्यमांवर तर मुळीच नाही, ती मुलांची आणि त्यांच्या घरांची खासगी बाब आहे. आमच्याकडे फक्त आकडे पाठवा: गल्लीत किती मुले पास झाली, किती पुढच्या वर्गात बसली, किती बसली नाहीत आणि का. ऑगस्टमध्ये आम्ही ते एकत्र छापू, मराठीत आणि आपल्या दुसऱ्या भाषेतही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतरांपेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे नागपूर, अकोला, अमरावतीकडच्या मित्रांनी वही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासून मगच आकडे पाठवावेत.